बाजारात सावली कुणाला?

पारा चाळिशीच्या वर गेला की जेवणावरची वासनाच उडते. भाजी-पोळी पानात तशीच राहते, पण किसलेल्या कैरीचा तक्कू, काकडीची कोशिंबीर, दुपारी ग्लासभर पन्हं एवढं मात्र घरात सगळ्यांनाच हवं असतं. आणि या वस्तूंची खरी चव आठवडे बाजारात. पहाटे वेलीवरून तोडलेली काकडी नि फ्रीजमध्ये चार दिवस पडलेली काकडी, यातला फरक ओळखायला काही सुगरण असावं लागत नाही! डोंगराकडून आलेली करवंदं, जांभळं तर दुसरीकडे मिळतच नाहीत.

पण मैत्रिणींनो, बाजारात बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. मोठ्या मंडईतून पहाटे माल उचलून इथे विकणारेही बरेच. त्यांचं पोटही त्यावरच आहे, तक्रार नाही. ओळखायचं असेल तर टोपलीकडे बघा. जिच्याकडे दोन-तीनच जिनसा, त्याही लहान-मोठ्या, वाकड्यातिकड्या, ती बहुधा स्वतःच्या रानातलं घेऊन आलेली असते.

तिच्याकडून घेण्यात फरक काय पडतो? रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार, आपण टोमॅटोवर खर्च केलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. बाकीचे दलाली, हमाली, वाहतूक, नासाडी आणि मधल्यांचा नफा यात जातात. थेट विकणारीच्या हातात यातलं बरंच उरतं. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू केले. त्यांचा बोलबाला पुण्या-मुंबईतच जास्त झाला. आपल्या तालुक्याच्या गावात आजीच्या काळापासून बाजार भरतोच आहे. तिथे नियम बदलले, पण बसायची जागा काही बदलली नाही.

मे महिन्यातला बाजार आठवून बघा. मेथी-कोथिंबिरीवर ओलं गोणपाट असतं, बाईच्या डोक्यावर फक्त पदर. पहिल्या एसटीने आलेली असते, पाणी घरून आणलेलं, तेही दुपारपर्यंत संपतं. जवळपास स्वच्छतागृह नसतं म्हणून कित्येकजणी पाणी पितच नाहीत. अशा उन्हात हे किती धोक्याचं, ते सांगायला नको. दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, पालेभाजी माना टाकते, आणि परतीची गाडी गाठायची म्हणून चारनंतर ती जुडी मिळेल त्या भावाला जाते. आपल्याला ती स्वस्ताई वाटते. तिच्या मात्र गाडीभाड्याचीही पंचाईत.

एवढं असून पावती फाडायला माणूस बरोबर येतो. बाजाराची फी घ्यायची तर निदान शेडनेट, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नको का? काहीजण म्हणतात, उन्हाळ्यात बाजार सकाळी लवकर भरवा. पण लांबच्या खेड्यातली बाई सातला पोचणार कशी? त्यापेक्षा संध्याकाळी दिवे लावून भरवला तर नोकरी करणाऱ्यांनाही सोयीचं. मात्र रात्रीची शेवटची एसटी बाजाराच्या दिवशी तासभर उशिरा सुटायला हवी, नाहीतर तेही फुकट.

हे ठरवण्याची जागाही आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला असायला हव्यात. नगरपालिकेत निम्म्या जागाही २०११ पासून बायकांसाठी राखीव आहेत. आपल्या वॉर्डातल्या ताई मतं मागायला आल्या होत्या, त्याही याच बाजारातून भाजी नेतात. तेव्हा पुढच्या बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघताना वाटेत त्यांच्या दारात थांबा. गावात ही समिती स्थापन झाली आहे का, तिच्यात भाजीवाली कोण आहे आणि बाजाराच्या फीचे पैसे कुठे खर्च होतात, एवढे तीन प्रश्न विचारा.