श्वानप्रेम आणि शिंका

कुत्रें पाळण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांतून वाढत चालली आहे, व ती आम्हांस स्वागतार्ह वाटते. परंतु कुत्रें जवळ येतांच ज्या घरांत कोणास शिंका येतात, डोळे चुरचुरतात किंवा दम लागतो, त्या घरानें काय करावें? ‘अमक्या जातीचें घ्या, त्याचे केंस गळत नाहींत,’ असें विक्रेते छातीठोकपणें सांगतात. या आश्वासनावर विसंबूं नये, असें आम्हांस वाटतें.

मुळांत दोष केंसांचा नव्हे. कुत्र्याच्या लाळेंत, कातडीच्या कोंड्यांत व मूत्रांत कांहीं प्रथिनें असतात. त्यांच्यामुळें ॲलर्जी होते. केंस हें त्यांचें केवळ वाहन. हीं प्रथिनें सर्वच जातींत आहेत. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, नेदरलंड्समध्यें केलेल्या संशोधनांत तर ‘निर्दोष’ म्हणविणाऱ्या जातींच्या केंसांत मुख्य प्रथिन इतरांहून अधिकच आढळलें.

लॅब्राडूडल या लोकप्रिय संकराची कथा येथें बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियांत अंधांसाठीं कुत्रीं तयार करणाऱ्या संस्थेंतील वॉली कॉनरन यांजकडे हवाई बेटांतील एका अंध बाईंची मागणी आली; त्यांच्या यजमानांस कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनीं लॅब्राडॉर व पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लें झालीं. त्यांचे केंस व लाळ हवाईस पाठवून पाहतां, तिघां सख्ख्या भावंडांपैकीं एकच त्या गृहस्थांस सोसलें! तेव्हां परीक्षा जातीची नव्हे, त्या एका कुत्र्याची करावी.

प्रथम डॉक्टरांकडून त्वचेची किंवा रक्ताची तपासणी करून घ्यावी. कित्येकदां खरा अपराधी गादींतील धुळीचा सूक्ष्म कीटकच निघतो. एक प्रथिन केवळ नराच्याच शरीरांत तयार होतें. ज्यांस तेवढेंच बाधतें, त्यांस मादी सोसण्याचा संभव असतो. मग जें कुत्रें आणावयाचें, त्याच्याच सहवासांत निरनिराळ्या दिवशीं कांहीं तास घालवावे. त्यास कुरवाळावें, हात चाटूं द्यावा. घरांत कोणास दमा असेल, तर मात्र डॉक्टरांच्या संमतीवांचून हा प्रयोगहि करूं नये.

कुत्रें घरीं आल्यावर निजावयाच्या खोलींत त्यास कधींहि येऊं देऊं नये. सतरंज्या व जाड पडदे कमी करावे, केरसुणीनें धूळ उडविण्याऐवजीं ओल्या फडक्यानें जमीन पुसावी. आंघोळीचा गुण थोडे दिवसच टिकतो, म्हणून ती आठवड्यांतून दोनदां हवी. केंस विंचरण्याचें काम ॲलर्जी नसलेल्यानें, घराबाहेर करावें. हेपा गाळणीचें हवाशुद्धीकरण यंत्र उपयोगी पडतें, पण तें वरील नियमांची जागा घेऊं शकत नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हे नियम पाळणें कठीण, हें आधींच ओळखावें.

हा सर्व विचार पिल्लू आणण्यापूर्वींच व्हावा. मुलांच्या हट्टास्तव आणलेलें पिल्लू दोन महिन्यांनीं परक्या दारीं सोडणें, ही त्या मुक्या जीवाशीं प्रतारणा आहे. शिवाय त्याच्या मागें तीं प्रथिनें महिनोन्‌महिने घरांत रेंगाळतात, म्हणजे रोग्यासहि तत्काळ आराम नाहीं. ज्यांस सोसत नाहीं, त्यांनीं शेजाऱ्याच्या कुत्र्याशीं अंगणांतच मैत्री ठेवावी व घरीं येऊन हात धुवावे. त्यांत प्रेमास उणेपणा येतो, असें आम्हांस वाटत नाहीं.