सेवा घराबाहेर का सुरू होते?

दर ३ जानेवारीला माझा फोन सावित्रीबाईंनी भरून जातो. तेच चित्र, कपाळावर कुंकू, डोक्यावरून पदर, आणि खाली तीच गोष्ट: शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जायचा म्हणून त्या सोबत जादाचं लुगडं नेत. मीही हे स्टेटसला ठेवायचो. त्याच आठवड्यात रविवारच्या वर्गाचा फोटोही टाकायचो. मी फळ्यापाशी, समोर वस्तीतली पंधरा-वीस मुलं, आणि खाली देण्यातल्या आनंदाबद्दल एखादं वाक्य. लाइक्स भरपूर यायचे, सगळ्यात आधी घरच्या ग्रुपवरून. काका अंगठा दाखवायचे, आत्या हात जोडायची. तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं. सावित्रीबाईंच्या कामाला त्यांच्या नातेवाइकांनी अंगठा दाखवला नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे आणि ते आधी मला लागू आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची सेवा ही घर टाळायची सोय आहे. रविवारी सकाळी तीन तास आपण अशा लोकांत जातो जे आपल्याला उलट बोलत नाहीत, आणि मग आठवडाभर अशा लोकांत राहतो ज्यांच्याशी खरं बोलायची आपली छाती होत नाही.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं छापून उपलब्ध आहेत. ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’मध्ये ती आहेत, वाचायला अर्धा तासही लागत नाही. मी ती वयाच्या सव्विसाव्या वर्षी वाचली. पाच-सहा वर्षं त्यांचा फोटो स्टेटसला ठेवल्यानंतर.

पहिलं पत्र १८५६ च्या ऑक्टोबरमधलं. त्या आजारी पडून माहेरी, नायगावला गेल्या होत्या. वय पंचवीस. भाऊ त्यांची मनापासून शुश्रूषा करत होता. आणि हाच भाऊ बोलता बोलता म्हणाला की तुम्ही नवरा-बायको महारामांगांसाठी जे करता ते पाप आहे, तुम्हाला वाळीत टाकलं ते योग्यच झालं, जातीच्या रूढीप्रमाणे वागा. आता विचार करा. अंगात ताकद नाही, अंथरूण भावाच्या घरातलं, औषधपाणी तो बघतोय. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ‘जाऊ दे, जुन्या वळणाचा आहे’ म्हणून कूस बदलली असती. त्या बोलल्या. शेळी-गाय कुरवाळता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, मग माणसाचाच विटाळ का, असं त्यांनी भावाला तोंडावर विचारलं. आई शेजारी बसून ऐकत होती. शेवटी भाऊ वरमला.

मला या पत्रात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? भाऊ मनाने चांगला आहे हेही त्या नवऱ्याला लिहितात. तो आपली शुश्रूषा करतोय म्हणून त्याला सूट दिली नाही, आणि तो चुकला म्हणून त्याची माया नाकारली नाही. त्याच पत्रात पुण्यातल्या फातिमाची चौकशी आहे. आपण इथे पडून आहोत, तिच्यावर कामाचा ताण येत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं. भांडण, माया, सहकारणीची काळजी, सगळं एका कागदावर आणि नवऱ्यापासून काही लपवलेलं नाही. मी आईला दिवसातून दोनदा फोन करतो आणि त्यात एक वाक्य खरं नसतं.

आमच्या घरात जातीबद्दल कुणी बोलत नाही. ‘आम्ही असलं काही मानत नाही’ हे मी लहानपणापासून ऐकलंय. मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत, भांडी घासायच्या साबणाशेजारी, एक कान तुटलेला कप असतो. तो मावशींचा. मावशी आमच्याकडे अकरा वर्षं कामाला आहेत. तो कप फुटला की दुसरा तसाच, कडा उडालेला, त्या जागी येतो. मी तो अकरा वर्षं पाहिला आणि कधी बोललो नाही. आणि मी वस्तीत जाऊन मुलांना समतेचं पोस्टर रंगवायला लावलं. छान रंगवलं होतं त्यांनी.

वर्गात सातवीतली एक मुलगी होती. गणितात हुशार, अपूर्णांक तोंडी सोडवायची. तिने एकदा विचारलं, “दादा, आम्ही तुमच्या घरी येऊ का एकदा?” मी म्हटलं, परीक्षा झाली की. त्यानंतर तिच्या तीन परीक्षा झाल्या.

फुल्यांचं काय होतं? त्यांची सेवा कुठे भरत होती याचा पत्ता बघा. १८४९ मध्ये वडिलांनी, गोविंदरावांनी, दोघांना घराबाहेर काढलं, कारण मुलगा-सून शाळेचं काम सोडायला तयार नव्हते. पुढे स्वतःचं घर झालं, तर १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह त्याच घरात. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावं, बाळंत व्हावं, मूल मारू नये. सावित्रीबाई ती बाळंतपणं करत. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी आपला म्हणून वाढवला. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मी तो हौद पाहिलाय, गंज पेठेतल्या फुलेवाड्यात. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्यासमोर रांगेत उभे राहून फोटो काढला होता. अंगणातला हौद आणि खिडकीतला कप या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. नंतर मी स्वतःही लावला नाही.

दुसरं पत्र त्याच वर्षीचं, २९ ऑगस्ट १८६८ चं. गावोगाव पंचांग सांगणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी. दोघांचं प्रेम, तिला सहावा महिना. गाव दोघांना मारत, धिंड काढत नेत होतं, जीव घ्यायच्या तयारीने. सावित्रीबाईंना कळलं तशा त्या धावत गेल्या. इंग्रजी कायद्याने काय होईल त्याची भीती घालून त्यांनी लोकांना थांबवलं. दोघांनी गाव सोडावं असं ठरलं. मग त्यांनी दोघांना कुठे पाठवलं? आपल्या घरी, पुण्याला, जोतीरावांकडे.

हे वाचून मला गरगरलं, कारण माझी एक चुलतबहीण आहे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मला सायकल तिने शिकवली. तिने ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलं त्याचं आडनाव ऐकल्यावर काकांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. तिने मला सांगितलं, “तू बोल ना बाबांशी. माझं नाही ऐकत, तुझं ऐकतील.” मी म्हटलं, “ताई, थोडं थांबूया. वातावरण निवळू दे.” वातावरण निवळलं नाही. त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, तीस दिवस थांबले. त्या लग्नाला तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तिने मला साक्षीदार म्हणून बोलावलं. मी कळवलं की त्या दिवशी वस्तीत आरोग्य शिबिर आहे, जमणार नाही.

शिबिर खरंच होतं. मी नोंदणीच्या टेबलावर बसून दिवसभर लोकांची नावं लिहिली. ते काम कुणीही करू शकलं असतं. संध्याकाळी फोटो टाकला, आणि काकांचा अंगठा आला.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, वर्ग घेतलास, मुलं शिकली, ते तर खोटं नव्हतं ना? नव्हतं. अपूर्णांक आले ते आलेच, आणि मी वर्ग सोडलेला नाही. घर सुधारेपर्यंत बाहेर पाऊल टाकू नका असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर कुणीच काही करणार नाही, आणि आळशी लोकांना तेवढंच निमित्त हवं असतं. पण ज्या मुलीला मी दर रविवारी शिकवतो तिला माझ्या आईच्या स्वयंपाकघरात कोणत्या कपात चहा मिळेल, या प्रश्नापासून मी पळत असेन, तर तिला काय चाललंय ते कळतं. मुलांना कळतंच. तिने चौथ्यांदा विचारलं नाही.

दुसरीकडे रील्समधला सल्ला आहे: असे लोक टॉक्सिक, त्यांना आयुष्यातून कट करा, स्वतःची शांती जपा. हाही मला पळण्याचाच प्रकार वाटतो, फक्त जरा स्टायलिश. (जिथे मारहाण आहे, जिवाला धोका आहे तिथून निघावंच. सारजा-गणेशला गावातून काढलंच होतं.) पण आपल्यातल्या बहुतेकांचे काका मारायला येणार नसतात. ते फार तर जेवताना गप्प बसतील, दिवाळीला बोलावणार नाहीत. एवढीच किंमत आहे, आणि आपल्याला तीही द्यायची नाही.

१८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तक यशवंताच्या हक्कावर हरकत घेतली. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः धरलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. सात वर्षांनी प्लेग आला. डॉक्टर झालेल्या त्याच यशवंताने हडपसरजवळच्या माळरानावर दवाखाना उघडला, आणि मुंढव्याच्या महारवस्तीतल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे पोचवलं. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. स्टेटसवर हे ‘त्याग’ म्हणून येतं. मला त्यात एक घर दिसतं. आई रुग्ण आणतेय, मुलगा तपासतोय.

मागच्या महिन्यात मी आईला कपाबद्दल बोललो. भाषण तयार होतं माझं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चहा कोण करतं रे या घरात? अकरा वर्षांत तू मावशींना एकदा तरी करून दिलास का?” मला उत्तर नव्हतं. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी सहा वाजता उठून चहा केला, पाच सारखे कप काढले. मावशी म्हणाल्या, “साखर जास्त झालीय.” खिडकीतला कप आईने कुठे ठेवला ते मला माहीत नाही. टाकला नसावा. आमचं त्यावर आणखी बोलणं व्हायचंय.

काकांकडे जाऊन आलो. त्यांनी चहा विचारला नाही. ताईला त्याच रात्री मेसेज केला: त्या दिवशी शिबिर नसतं तरी मी आलो नसतो, घाबरलो होतो. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर चार दिवसांनी आलं. “माहितीये मला. रविवारी ये जेवायला.”

रविवारी माझा वर्ग असतो. या वेळी दुसरं कुणीतरी घेणार आहे.