नाना फडणिसांचे अपुरे आत्मचरित्र

मराठी आत्मचरित्राचा इतिहास शिकवताना आपण बहुधा दादोबा पांडुरंग आणि बाबा पदमनजी यांच्यापासून आरंभ करतो आणि हा वाङ्मयप्रकार इंग्रजी शिक्षणाबरोबर आला, असे सांगून मोकळे होतो. नाना फडणिसांचे त्रोटक आत्मचरित्र मग पानिपतचे एक साधन म्हणून इतिहास विभागाकडे जाते. ही वाटणी मला मान्य नाही. (नाशिकजवळ गंगापूरला विरक्त आयुष्य कंठणाऱ्या गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, लिहिलेल्या उपदेशपत्राचीही हीच गत.)

१७४२ साली जन्मलेले नाना रूसोहून तीस वर्षांनी लहान. रूसोच्या ‘कन्फेशन्स’चा पहिला भाग त्याच्या मृत्यूनंतर, १७८२ साली, प्रसिद्ध झाला. नानांपुढे असा कोणताही नमुना नव्हता. तरीही वेदान्ताच्या भाषेत आरंभ करणारा हा माणूस बालपणीच्या देवपूजेच्या ओढीइतक्याच सरळपणे तारुण्यातील कामवासनेचीही कबुली देतो. रूसो वाचकाला न्यायासनावर बसवतो आणि पुष्कळदा निकालही स्वतःच लिहून देतो. रूसोप्रेमींनी रागावू नये. नानांच्या कबुलीला वाचकाची गरज भासत नाही. ती ईश्वरापुढची आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी नाना एकोणीस वर्षांचेही नव्हते. तीर्थयात्रेच्या हेतूने आई व पत्नी यांना घेऊन ते भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेले होते. बखरकार रणांगण रंगवतात. नाना पलायन सांगतात. अंगावरची वस्त्रे टाकून जीव वाचवणे, पत्नीची पुन्हा भेट, आई मात्र कायमची अंतरणे. शौर्याचा आव कुठेही नाही. पेशव्यांच्या फडणिसाने आपले पळणे असे लिहून ठेवावे, याला धैर्य लागते, आणि ते मला बखरीतल्या तलवारींहून मोलाचे वाटते.

पण पानिपतनंतर थोड्याच अंतरावर हे निवेदन थांबते. नारायणरावाचा खून (१७७३), बारभाई, घाशीराम कोतवालाचा अंत (१७९१) यांविषयी अक्षर नाही. ती पोकळी आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) भरली आहे. नाटकाबद्दल माझी तक्रार नाही. नाटककाराकडे दप्तरातले दाखले मागणे अरसिकपणाचे. परंतु रंगमंचावरचा विलासी नाना आणि स्वतःच्या वासनेकडे अपराधी नजरेने पाहणारा हा तरुण एकाच सत्रात शेजारी ठेवून वाचावेत. वेळ नाही, ही सबब येथे चालणार नाही. नानांचा मजकूर एका तासिकेत वाचून होतो.