खासदारांची वही आपण ठेवू या

निवडणूक जवळ आली की खासदार वस्तीत येतात, हळदीकुंकवाला हजेरी लावतात, महिला सक्षमीकरणावर बोलतात. मधली पाच वर्षे दिल्लीत ते आपल्या वतीने काय बोलले, हे आपण क्वचितच विचारतो. मैत्रिणींनो, मोर्चा आणि निवेदन यांच्या जोडीला ही तपासणीसुद्धा संघटनेचे नियमित काम व्हायला हवे, असे मला वाटते.

माहिती मिळणे आता अवघड नाही. लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदारांचे प्रश्न, मंत्र्यांची उत्तरे आणि भाषणे मिळतात. २००५ साली सुरू झालेली ‘पीआरएस’ ही संस्था हजेरी, प्रश्न आणि चर्चांचे आकडे मांडते. पण नुसत्या आकड्यांवर विसंबू नये. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत. त्यांचा कोरा रकाना म्हणजे आळस नव्हे. उलट शेकडो प्रश्न विचारणाऱ्याच्या यादीत संरक्षण अधिकारी, अंगणवाडी, निवारागृह हे शब्द एकदाही नसतील. प्रश्नाचा प्रकारही पाहावा. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. तारांकित प्रश्नावर मंत्र्यांना उपप्रश्न विचारून कोंडीत पकडता येते. पण ते दिवसाला वीसच, तेही सोडतीने.

खरी पळवाट मतदानात आहे. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. घटनादुरुस्तीला मते मोजावीच लागतात, म्हणून ती नोंदली गेली. तीनच महिन्यांनी, २० डिसेंबरला, भारतीय न्याय संहिता आवाजी मतदानाने संमत झाली. तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून शंभराहून अधिक विरोधी खासदार निलंबित होते. सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, हा जुना अपवाद या संहितेत तसाच राहिला. आमच्या समुपदेशन केंद्रात बाया विचारतात, ‘ताई, हा गुन्हा का नाही?’ तो नसावा असे कोणी ठरवले, ते नावानिशी दाखवता येत नाही. आवाजी मतदानात ‘होय’ म्हणणाऱ्याचे नाव कुठेच लागत नाही.

आरक्षणाच्या बाजूने मत देणे सोपे होते, कारण ते दिसणार होते. आपल्याला न दिसणारे मत विचारायचे आहे. म्हणून प्रत्येक अधिवेशनानंतर संघटनेने आपल्या खासदारांना लेखी विचारावे: या विधेयकावर तुमची भूमिका काय होती? तुम्ही बोललात का? मतविभागणी मागितलीत का? आलेले उत्तर, आणि न आलेले उत्तरही, तारखेसह वहीत लिहावे. संसदेतली हिंदी-इंग्रजी उत्तरे मराठीत करून वस्तीच्या बैठकीत वाचावीत. खासदार पुरुष असो वा स्त्री, आपल्या पक्षाचा असो वा परका, वही सर्वांसाठी एकच असावी. पुढच्या वेळी मते मागायला येतील, तेव्हा भाषणाआधी त्यांच्यासमोर ही वही उघडू या.