पास झालेलें पोर वाचतें काय ?

निकालाच्या कागदावर उत्तीर्ण असा शेरा पाहिला कीं आमच्या कुणबी, माळी, धनगर, सुतार, लोहार बांधवांस वाटतें, पोर शिकलें. आम्ही खेड्यांत शाळा चालवितों, म्हणून स्पष्ट सांगतों कीं, शेरा म्हणजे वाचन नव्हे.

परवां एक शेतकरी चौथींतल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. पोरानें पुस्तकांतला धडा घडाघडा म्हणून दाखविला. वडील हरखले. आम्हीं त्यांच्याच खिशांतली ग्रामपंचायतीची पावती पोरापुढें ठेवली. ‘घरपट्टी’ हा शब्दही त्यास लागेना ! धडा डोळ्यांनीं वाचलेला नव्हता, कानांनीं पाठ केलेला होता. वडील म्हणाले, “गुरुजी, मग चार वर्सं ह्यानं केलं काय ?” आम्ही निरुत्तर झालों, कारण तीं चार वर्षें तें पोर आमच्याच शाळेंत बसत होतें.

हें एकाच घरचें रडगाणें नाहीं. २०२४ सालच्या ‘असर’ पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांनाच दुसरीच्या पुस्तकांतला मजकूर वाचतां आला. त्या पाहणीची रीत सोपी आहे. ती घरींही करतां येईल. अक्षर, शब्द, चार ओळींचा उतारा आणि गोष्ट अशा चार पायऱ्या. प्रथम उतारा द्यावा. तो सरळ वाचला तर गोष्ट द्यावी. अडलें तर पांच शब्द द्यावे. पांचांपैकीं चार बरोबर आले तर पोर त्या पायरीवर आहे असें समजावें. न आले तर अक्षरांवर यावें. मजकूर मात्र न पाहिलेला असावा.

ज्या माउलीस अक्षरओळख नाहीं, तिनेंही हताश होऊं नये. पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून “हें काय ?” असें विचारावें, आणि तोच शब्द खालीं कोठें आला तें शोधावयास लावावें. दोन आकृति सारख्या आहेत कीं नाहींत, हें तिच्या डोळ्यांना कळतें. पाठांतरवालें पोर तेथेंच घोटाळतें.

पायरी कळली म्हणजे औषध कळतें. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळणाऱ्यास अक्षरेंच पुन्हा हवींत. काना-वेलांटींत चुकणाऱ्यास बाराखडी. जोडाक्षरावर अडणाऱ्यास तसे शब्द. जें वाचतें पण अर्थ सांगत नाहीं, त्याच्याशीं वाचलेल्यावर रोज बोलावें. तांड्यावरचें पोर घरीं गोरमाटी बोलतें. त्याला शब्दच परका असतो, तें मठ्ठ नसतें. कित्येकांस फळाच दिसत नाहीं; त्यांस छडी नको, चष्मा हवा.

महात्मा फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें, आणि त्यांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांस स्थान दिलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या सर्व मुलांस तो हक्क मिळाला. शाळेंत बसण्याचा हक्क मिळाला. वाचतां येण्याचा हक्क अजून पदरांत पडावयाचा आहे. न वाचतां अंगठा उठविल्यानें किती जमिनी गेल्या, हें आमच्या घराघरांत ठाऊक आहे. न वाचतां केलेली सही त्या अंगठ्याहून बरी नव्हे.

त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. बांधवांनो, पुढच्या सभेंत भिंतींच्या रंगाची चर्चा बाजूस ठेवा. आम्हां शिक्षकांस एवढेंच विचारा, “कोणतें पोर कोणत्या पायरीवर आहे, आणि दिवाळीपर्यंत तें कोठें जाईल ?” ह्या प्रश्नाचा आम्हांस राग येतां कामा नये. आला, तर चूक आमची.