रेणवीय शरीरक्रियाशास्त्र व सिस्टिम्स बायोलॉजीतील पीएच.डी. संशोधनाबाबत निवेदन

स्थळ : नागपूर

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400 032

विषय : वैद्यकीय महाविद्यालयांतील पीएच.डी. संशोधनासाठी रुग्णालय, प्रयोगशाळा आणि संगणक यांची सांगड घालणारी व्यवस्था उभारण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे संशोधक विद्यार्थी आहोत. आमच्यापैकी काही एमबीबीएस, काही एम.एस्सी., तर काही अभियांत्रिकी शाखेतून रेणवीय शरीरक्रियाशास्त्र व सिस्टिम्स बायोलॉजी या विषयाकडे आलो. हा विषय राज्याच्या किती कामाचा आहे, हे विदर्भातील सिकलसेल या आजारावरून स्पष्ट होते.

सिकलसेलचे मूळ कारण वैद्यकाला नेमके माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी 1949 सालीच याला रेणूचा आजार म्हटले होते. तरीही हाच बदल असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाला असह्य वेदनांमुळे वारंवार दाखल व्हावे लागते, तर दुसऱ्याला क्वचितच त्रास होतो. अंगात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन किती टिकून आहे, जोडीला अल्फा थॅलेसेमिया आहे का, अशा अनेक गोष्टींवर हा फरक अवलंबून असतो. हायड्रॉक्सियुरियाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते, पण सर्वांमध्ये सारखे नाही. कोणत्या रुग्णाला किती मात्रा लागू पडेल हे सांगायचे, तर पेशींवरील प्रयोग, रुग्णाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि गणिती प्रारूप एकत्र तपासावे लागते. आमची शाखा हेच काम करते.

केंद्राने जुलै 2023 मध्ये सुरू केलेल्या अभियानात 2047 पर्यंत सिकलसेलच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट आहे. तपासणीत सापडलेल्या रुग्णांना पुढे नेमके उपचार द्यायचे, तर हे संशोधन गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या रुग्णांपासूनच सुरू व्हायला हवे. महाराष्ट्राला असे काम नवे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 साली जवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. त्यातून भारतीय बाळ वजनाने कमी असले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे जगापुढे आले आणि मधुमेहाचा विचार गर्भापासून सुरू झाला.

प्रत्यक्षात मात्र विद्यार्थी तीन दारांत उभा असतो. रुग्ण वैद्यकीय महाविद्यालयात, उपकरणे विज्ञान संस्थेत आणि गणनक्षमता तिसऱ्याच ठिकाणी. नैतिकता समितीची मंजुरी, रसायनांची निविदा आणि नमुने नेण्याची परवानगी यांतच उमेदीची वर्षे जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत 6 वर्षे आहे. कागदपत्रांसाठी थांबलो तरी ती मुदत थांबत नाही.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व राज्यातील विज्ञान संस्था यांचा संयुक्त पीएच.डी. कार्यक्रम सुरू करावा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक वैद्यकीय आणि एक प्रयोगशाळेतील किंवा गणिती मार्गदर्शक मिळावा. 2022 च्या नियमांत सहमार्गदर्शकाची तरतूद आहेच.

2. अनिवार्य 12 श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात जैवसांख्यिकी, अवकल समीकरणे, प्रोग्रॅमिंग आणि संशोधन-नैतिकता यांचा समावेश करावा. वैद्यकेतर विद्यार्थ्यांना ओपीडी व वॉर्डमध्ये ठरावीक काळ काम द्यावे.

3. केंद्राचे 1 जानेवारी 2023 पासूनचे दर, म्हणजे कनिष्ठ संशोधकास दरमहा 37,000 व वरिष्ठास 42,000 रुपये, राज्याच्या अधिछात्रवृत्तीलाही लागू करावेत. रक्कम ठरलेल्या तारखेला दरमहा खात्यात जमा व्हावी. थकबाकी साठवून एकरकमी देण्याची पद्धत बंद करावी.

4. केंद्राने जून 2025 मध्ये आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी दरपत्रकाविना थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख रुपये केली. राज्याच्या महाविद्यालयांतील संशोधनालाही तीच सवलत द्यावी. एंझाइम आणि प्रतिपिंडे यांची मुदत मर्यादित असते. ती निविदेची वाट पाहत नाहीत.

5. रुग्णांचे नमुने साठवण्यासाठी विभागवार जैवनमुना केंद्रे उभारावीत. तेथील उणे 80 अंशांच्या फ्रीझरना स्वतंत्र जनरेटर व चोवीस तास देखरेख असावी. वीज गेल्याने वाया गेलेला रुग्णाचा नमुना पुन्हा मिळत नाही.

6. नैतिकता समित्यांना निर्णयासाठी निश्चित मुदत घालून द्यावी. अनेक संस्थांतील अभ्यासाला एकच सामाईक मंजुरी पुरावी. संमतिपत्रे मराठीबरोबरच गोंडी व भिली भाषांतही तयार करावीत आणि ती रुग्णाला वाचून समजावून सांगावीत.

7. पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म महासंगणकावर वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांसाठी वेळ राखून ठेवण्याबाबत केंद्राशी करार करावा. रुग्णांची ओळख काढून टाकल्याशिवाय कोणतीही माहिती रुग्णालयाबाहेर जाऊ नये.

8. पीएच.डी.नंतर राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधन-वैज्ञानिक हे नियमित पद निर्माण करावे. सेवेतील डॉक्टरांना अर्धवेळ पीएच.डी.साठी आठवड्यातील संशोधनाचे तास लेखी स्वरूपात मिळावेत.

यांपैकी 2, 3 व 6 या मागण्यांसाठी नव्या इमारती लागत नाहीत; त्यांचे आदेश तातडीने काढता येतील. उर्वरित मागण्यांसाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद करावी. अर्थसंकल्पीय अधिवेशनापूर्वी आपल्या अध्यक्षतेखाली विद्यार्थी, मार्गदर्शक, विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि सिकलसेल रुग्णांचे प्रतिनिधी यांची बैठक बोलवावी व तिचे इतिवृत्त आम्हांला द्यावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
संशोधक विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई.