उगमाचा हट्ट आणि समीक्षेतील अंतर्विरोध

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटाची पूर्वकथा म्हणून त्यांचाच ‘प्रोमिथिअस’ २०१२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा इंग्रजी चित्रपटसमीक्षेने त्याच्यावर दोन प्रमुख आरोप ठेवले. पहिला असा की, स्पष्टीकरणाच्या हव्यासापायी त्याने मूळ कृतीतील गूढ नासवले. दुसरा असा की, त्याने उपस्थित केलेल्या प्रश्नांची उत्तरेच दिली नाहीत. हे आरोप परस्परांना छेद देतात, याची दखल मात्र फारशी घेतली गेली नाही.

या अंतर्विरोधाचे मूळ एका गृहीतकात आहे. पूर्वकथा ही स्वतंत्र कृती नसून मूळ संहितेची तळटीप होय, असे ते गृहीतक. ‘एलियन’मध्ये एका बेवारस यानात जीवाश्मवत झालेला महाकाय देह दिसतो; त्याच्या बरगड्या आतून फुटलेल्या असतात. तो कोणाचा, हे चित्रपट सांगत नाही. तेहतीस वर्षे ती रिक्त जागा प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीच्या स्वाधीन होती. ‘प्रोमिथिअस’ने ती भरावी आणि रिकामीही ठेवावी, अशी ही अशक्य मागणी होती.

वस्तुतः या मागणीचीच चिकित्सा चित्रपटात आहे. गुहाचित्रांतील तारकांचा माग काढीत शॉ ही संशोधिका मानवाच्या निर्मात्यांकडे जाते. वृद्ध वेलँड मरण टाळण्यासाठी जातो. दीर्घ निद्रेतून उठलेला निर्माता काहीही खुलासा न करता डेव्हिड या यंत्रमानवाचे शिर उपटतो आणि वेलँडला ठार करतो. तत्पूर्वी डेव्हिडने, माणसांनी मला का घडवले, असे हॉलोवेला विचारलेले असते. शक्य होते म्हणून, एवढेच उत्तर त्याला मिळते. हेच उत्तर तुम्हांला तुमच्या निर्मात्याकडून मिळाले तर, हा डेव्हिडचा प्रतिप्रश्न चित्रपटाचा गाभा आहे. उगमापाशी अर्थ सापडतोच, ही श्रद्धा येथे मोडीत निघते. चित्रपटाकडे उत्तरे मागणारी समीक्षा नकळत शॉच्याच भूमिकेत शिरते.

संभवनीयतेचा आक्षेप निराळा आणि रास्त आहे. जीवशास्त्रज्ञाने अनोळखी सर्पसदृश प्राण्याला गोंजारू पाहणे किंवा भुयारांचा नकाशा करणाऱ्यानेच वाट चुकणे, याचे समर्थन करता येत नाही. परंतु अशा त्रुटींची यादी म्हणजे कृतीचे मूल्यमापन नव्हे. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी चार तारे देताना प्रश्नांची अनुत्तरितता हे चित्रपटाचे बळ मानले होते. ही दिशा पुढे विकसित व्हायला हवी होती.

चित्रपटाचा खरा दोष अखेरच्या दृश्यात आहे. निर्मात्याच्या देहातून ओळखीच्या राक्षसाचा पूर्वज बाहेर पडतो आणि तळटीप होण्याचे नाकारणारी कृती ऐनवेळी तळटीप होते. ‘एलियन : कव्हेनंट’ने (२०१७) ही शरणागती पूर्ण केली. त्यात शॉचा शोध पडद्याआडच संपला, राक्षस परतला आणि त्याची निर्मिती डेव्हिडच्या प्रयोगांना जोडली गेली. उत्तर मिळाले, प्रश्न मात्र लहान झाला. समीक्षेने प्रश्नाचे मोल ओळखले असते, तर निदान या घटीची नोंद तरी झाली असती.